सातारा-सांगलीहून थीम पार्कची सहल: घरच्या बजेटमध्ये कशी बसवायची

मे महिना किंवा दिवाळी जवळ आली की आमच्या भागात घरोघरी एक विषय निघतो: पोरांना एकदा तरी इमॅजिका थीम पार्क दाखवायचं. शेजारचं कुणीतरी जाऊन आलेलं असतं, त्यांचे फोटो स्टेटसला झळकलेले असतात. मग रात्री जेवणानंतर मोबाईलवर तिकीट बघितलं जातं, त्याला चारने किंवा सहाने गुणलं जातं आणि विषय पुढच्या सुट्टीवर ढकलला जातो.

हा हिशेब मुळात तिकिटापासून सुरूच करू नये, असं मला ठामपणे वाटतं. तिकिटाचा दर आपल्या हातात नाही. कोणत्या दिवशी जायचं, घरातलं कोण कोण गेटच्या आत जायचं आणि मुक्काम करायचा की नाही, हे तीन निर्णय मात्र पूर्णपणे आपले असतात आणि एकूण खर्च हजारोंनी वरखाली होतो तो त्यांच्यामुळेच. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबासाठी हे सगळं क्रमाने सांगतो.

आधी पार्क ठरवा

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. ते खोपोली-पाली रस्त्यावर, रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात आहे. साताऱ्याहून साधारण १८५ ते १९० किलोमीटर, सांगलीहून तीनशेच्या वर. तिथे थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं आणि स्नो पार्क वेगळं. प्रत्येकाचं तिकीटही वेगळं. पहिल्या भेटीत एका दिवसात दोन पार्क करायच्या फंदात पडू नका. दोन्हींचे पैसे जातात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

मुलं लहान असतील, म्हणजे पहिली-दुसरीपर्यंतची, तर थीम पार्कपेक्षा वॉटर पार्कमध्ये पैसे जास्त वसूल होतात. थीम पार्कच्या मोठ्या राईड्सना उंचीची अट असते. पाण्यात मात्र लहान मूल दिवसभर रमतं. आणि नुसतं पाण्यात खेळायचं असेल, तर सातारकरांनी खोपोलीपर्यंत जायची गरजही नाही. सिंहगडाच्या पायथ्याजवळचं कृष्णाई वॉटर पार्क सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे. मुलं पाचवीच्या पुढे गेली, उंची वाढली, की मग खरं थीम पार्क.

सांगली-मिरजेच्या लोकांना आणखी एक पर्याय आहे आणि तो फार कमी जण विचारात घेतात: बेंगळुरूजवळ बिडदीला असलेलं वंडरला. मिरजेवरून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रीत बेंगळुरू गाठता येतं. वंडरलात जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या राईड्स एकाच तिकिटात असतात. जाताना-येताना दोन्ही रात्री गाडीत गेल्या, तर लॉजचं भाडं जवळजवळ वाचतं. सांगलीहून सहाशे किलोमीटर गाडी हाकण्यापेक्षा स्लीपरचं तिकीट काढून निवांत झोपून जाणं मला तरी जास्त शहाणपणाचं वाटतं. फक्त रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख लवकर पक्की करावी लागते. पुढचं बरंचसं खोपोली गृहीत धरून लिहिलं असलं, तरी उंची, खाणं आणि कपडे यांबद्दलचं वंडरलालाही लागू आहे.

तारीख: सगळ्यात मोठी बचत इथे

पार्कची तिकिटं रोज एकाच दराची नसतात. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना महाग. मधले वार स्वस्त. त्यात गर्दीच्या दिवशी एकेका राईडला तास-तासभर रांग लागते, म्हणजे जास्त पैसे देऊन कमी राईड्स मिळतात.

“मधल्या वारी मुलांची शाळा असते” ही अडचण खरी आहे. पण जिल्ह्याबाहेरच्या लोकांना नसलेली एक सोय आपल्याकडे असते. दरवर्षी जिल्हाधिकारी काही स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात. त्या दिवशी सातारा किंवा सांगली जिल्ह्यात सुट्टी असते आणि पुण्या-मुंबईत कामाचा दिवस. पार्कला गर्दी करतात ती मुख्यतः पुण्या-मुंबईची माणसं. शिवाय मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या एक-दोन सुट्ट्या असतात, स्नेहसंमेलनानंतर एखादा दिवस शाळा बंद राहते. जूनमध्ये शाळेतून सुट्ट्यांची यादी मिळाली की त्यातले मधल्या वारी येणारे दिवस पेनने गोल करून ठेवा.

एक सावधगिरी. नोव्हेंबर ते जानेवारीत मधल्या वारी शाळांच्या सहली असतात. पार्किंगमध्ये लाल एसट्यांची रांग उभी, एकाच रंगाच्या टोप्या घातलेली दोन-दोनशे पोरं आणि शिट्टी फुंकणारे सर, असं चित्र या दिवसांत नेहमीचं. त्यामुळे “मधला वार म्हणजे मोकळा” हे गणित हिवाळ्यात चुकतं. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी नसते, तिकिटंही उतरलेली असतात, पण खोपोलीचा पाऊस साताऱ्याच्या पावसासारखा भुरभुरणारा नाही. जोराचा पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राईड्स थांबवतात. माझ्या मते दोन काळ उत्तम: सप्टेंबरअखेर ते सहामाही परीक्षेच्या आधीचे दिवस आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा.

तारीख ठरली की पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन त्या दिवशी पार्क चालू आहे का, वेळ काय आणि कोणती राईड दुरुस्तीसाठी बंद आहे का, एवढं बघा. तिकीटही तिथूनच काढा. व्हॉट्सॲपवर फिरणारी “निम्म्या दरात तिकीट” छापाची लिंक उघडू नका. आणि पडद्यावरचा पहिला आकडा बघून बजेट लिहू नका. जीएसटी धरून शेवटी किती होतात तो आकडा घ्या.

उंची मोजा, मग माणसं मोजा

पार्कमध्ये मुलांचं तिकीट बहुतेक वेळा वयावर नाही, उंचीवर ठरतं. अमुक उंचीच्या खाली मोफत, त्यावर मुलाचं तिकीट, त्याच्याही वर मोठ्यांचं. प्रत्येक राईडची उंचीची अट वेगळी. म्हणून तिकीट काढण्याआधी मुलाला चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभं करा, डोक्यावर वही आडवी ठेवा, पेन्सिलने खूण करा आणि टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन मिनिटांचं काम आहे. ते घरी केलं नाही, तर राईडच्या तोंडाशी रंगवलेल्या उंचीच्या पट्टीपाशी, तासभर रांगेत उभं राहिलेल्या मुलाला माघारी फिरावं लागतं. त्या मुलाचा चेहरा बघवत नाही आणि तो कर्मचारीही काही करू शकत नाही, कारण ती अट सुरक्षेची आहे. मोजलेली उंची आणि संकेतस्थळावरची राईड्सची यादी शेजारी ठेवा, आपल्या मुलाला काय काय मिळणार ते त्यालाच वाचून दाखवा. ‘नायट्रो’ नावाचा मोठा रोलर कोस्टर यंदा मिळणार नाही हे त्याला घरीच कळलेलं बरं.

मूल अशा राईड्सना घाबरतं का, हेही आधी कळू शकतं. पुसेगावच्या यात्रेत किंवा आपल्या गावच्या जत्रेत आकाशपाळण्यात, ड्रॅगनमध्ये बसवून बघा. तिथे रडून उतरलेल्या मुलासाठी एवढा खर्च या वर्षी करू नका. दोन वर्षांनी तेच मूल हट्ट करून बसेल.

आता मोठी माणसं. आपल्याकडे सहल म्हणजे आजी-आजोबांसकट. ते बरोबर हवेतच. पण त्यांनी गेटच्या आत यायलाच हवं का? रक्तदाब, हृदयाचा त्रास, पाठीचं दुखणं असलेल्यांना आणि गरोदर बाईला मोठ्या राईड्सवर बसता येत नाही. मग पूर्ण तिकीट काढून आजी दिवसभर बाकावर पिशव्या सांभाळत बसते, उन्हात. त्यापेक्षा त्यांचा दिवस वेगळा आखा. खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे, अष्टविनायकांतला. तिथे भाविकाला गाभाऱ्यात जाऊन दर्शन घेता येतं. पार्क ज्या रस्त्यावर आहे तोच रस्ता पुढे पालीला, बल्लाळेश्वरापाशी जातो. खोपोलीत पाताळगंगेच्या काठी गगनगिरी महाराजांचा आश्रम आहे. महाराज मूळचे पाटण तालुक्यातले, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांची तिथे श्रद्धा आहे. गाडी आणि ड्रायव्हर असेल, तर तुम्हाला पार्कपाशी सोडून तो त्यांना दोन गणपती करून आणतो. आजोबांना “तुम्ही बाहेर थांबा” असं न म्हणता “तुमचे दोन गणपती होतील” असं सांगितलं, की ते स्वतःच खुशीत तयार होतात, आणि दोन मोठी तिकिटं वाचतात.

खर्च कागदावर मांडा

साताऱ्याचं चौघांचं कुटुंब, स्वतःची गाडी, मुक्काम नाही, असं धरू. आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही बदलून घ्या. तिकीट सरासरी १,५०० धरलं तर ६,००० रुपये. जाऊन-येऊन ३८० किलोमीटर. लिटरला १५ देणारी गाडी असेल तर साधारण २५ लिटर पेट्रोल, म्हणजे २,६०० च्या आसपास. टोल हजार-अकराशे. आत एक जेवण आणि चहापाणी १,५००. पार्किंग, लॉकर वगैरे ५००. झाले साधारण ११,७००. वर हजारभर रुपये न मोजलेल्या गोष्टींसाठी वेगळे काढा, कारण राईडवरचा फोटो, उन्हाची टोपी, आईस्क्रीम हे होतंच. मुलांना घरातूनच प्रत्येकी ठरावीक रक्कम हातात द्या आणि सांगा, खेळणं घ्या नाहीतर फोटो, एवढ्यातच बसवा. बाहेर पडतानाच्या दुकानातली रडारड त्याने बरीच कमी होते.

हे एकदम काढायचं नसेल तर दरमहा हजार रुपयांचं बँकेतलं आरडी वर्षभर टाका. ईएमआयवर किंवा क्रेडिट कार्डावर सहल करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

जायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर दोन प्रकारच्या टोलची माहिती हवी. तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर हे नाके राष्ट्रीय महामार्गावर आहेत. खाजगी कारसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळणारा, सुरुवातीला ३,००० रुपयांना असलेला, २०० फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास तिथे चालतो. वर्षभर पुण्याला ये-जा असणाऱ्यांना तो परवडतो. फक्त या सहलीसाठी घेऊ नका. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे, तिथे हा पास चालत नाही. तिथला पूर्ण अंतराचा कारचा टोल १ एप्रिल २०२३ पासून एका बाजूला ३२० रुपये आहे. फास्टॅगमध्ये पैसे नसतील तर जास्त टोल भरावा लागतो, म्हणून आदल्या रात्री रिचार्ज करा. एक्सप्रेसवेवर वेगाचे कॅमेरे आहेत. एका चलनात मुलाच्या तिकिटाचे पैसे जातात.

पहाटे निघालात तर नवीन कात्रज बोगदा ओलांडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार जपून उतरा. तिथे अपघात वारंवार होतात. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका, गिअरमध्येच ठेवा.

दोन-तीन कुटुंबं मिळून क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर करणार असाल, तर गाडीवाल्याला आधी विचारा की रोजचे किमान किलोमीटर किती धरणार. बाहेरगावच्या भाड्याला साधारणपणे दिवसाला ३०० किलोमीटर धरतात, वर ड्रायव्हर भत्ता. साताऱ्याहून ही ३८० किलोमीटरची फेरी एका दिवसात केली तर चाललेल्या किलोमीटरचेच पैसे जातात. तीच दोन दिवसांची केली तर ६०० किलोमीटरचे पैसे भरावे लागतात, गाडी तेवढी चाललेली नसताना. सांगलीहून मात्र फेरीच सहाशेच्या वर जाते, त्यामुळे दोन दिवस घेतले तरी तोटा नाही. सातारकरांनी भाड्याची गाडी केली तर मुक्काम टाळावा आणि सांगलीकरांनी मुक्काम करावाच, तो यासाठी.

एसटीचा पर्याय आजकाल लोक डोक्यातच घेत नाहीत. हिशेब करून बघा. महिलांना राज्यात निम्मं तिकीट, ५ ते १२ वर्षांच्या मुलाला निम्मं, ६५ ते ७५ च्या ज्येष्ठांना निम्मं आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. आई, बाबा, आजी आणि आठ वर्षांची मुलगी असे चौघे निघाले, तर पूर्ण तिकीट एकट्या बाबांचं. मिळून अडीच तिकिटं. ज्येष्ठांचं आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. साताऱ्याहून स्वारगेट, तिथून खोपोलीकडे जाणारी गाडी आणि पुढे रिक्षा. मुंबईला जाणारी प्रत्येक गाडी खोपोलीत शिरत नाही. बऱ्याचशा एक्सप्रेसवेने सरळ निघून जातात, तेव्हा चढण्याआधी कंडक्टरला विचारा. गाडी बदलताना वेळ जातो, म्हणून एसटीने जाणाऱ्यांनी आदल्या दिवशीच निघावं.

मुक्काम

सातारा ते खोपोली चार तास धरा. पहाटे पाचला निघालं की नाश्त्याला थांबूनही पार्क उघडायच्या वेळी पोहोचता. सांगलीकरांनी आदल्या दुपारी निघून वाटेत कुठेतरी झोपायचं. पार्कजवळचं हॉटेल महाग, लोणावळा शनिवार-रविवारी त्याहून महाग. खोपोली गावातले साधे लॉज किंवा पुण्याच्या अलीकडची हॉटेलं परवडतात.

पण आपल्या लोकांचा खरा मुक्काम पाहुण्यांकडे. कोपरखैरणे, घणसोली, कामोठे, पनवेल या पट्ट्यात सातारा-सांगलीकडची किती घरं आहेत! माथाडी कामाच्या निमित्ताने गेलेल्यांच्या दोन-तीन पिढ्या तिथे रुजल्या. पनवेलहून पार्क तासाभराच्या अंतरावर आहे. आठ दिवस आधी फोन करा, किती माणसं येणार ते नीट सांगा आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. गावाकडचे तांदूळ, शेंगदाणे, गूळ, नाहीतर कंदी पेढे आणि भडंग न्या. त्यांची पोरंही बरोबर येणार असतील तर त्यांची तिकिटं आपण काढायची, लॉजपेक्षा ती स्वस्तच पडतात.

खाणं आणि कपडे

आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. गेटवर पिशव्या तपासतात. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं याला साधारणपणे हरकत नसते. म्हणून धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, केळी हे प्रवासासाठी ठेवा: पोटभर नाश्ता पार्कच्या बाहेर, गाडीपाशी, आणि संध्याकाळी बाहेर आल्यावर पुन्हा तेच. आत फक्त दुपारचं जेवण घ्या. ऑनलाइन तिकिटासोबत जेवणाचं पॅकेज असेल तर आतल्या दराशी ताडून बघा. जेवायला बारा वाजता जा, एक ते दोनची रांग टळते. पिण्याचं पाणी आत मिळतं, रिकामी बाटली बरोबर ठेवा.

वॉटर पार्कला सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो. तिथे भाड्याने मिळतो, पण चौघांचं भाडं धरलं तर तेवढ्या पैशांत इथेच नवा येतो. साताऱ्यात खणआळीत, सांगलीत मारुती रोडला फुल बाह्यांचा, गुडघ्याखालपर्यंतचा पोशाख मिळतो. बायकांनी आधीच घेतला की तिथे गेल्यावर संकोचून काठावर बसायची वेळ येत नाही. थीम पार्कमध्येही राजासॉरसच्या राईडवर भिजायला होतं; घरचा पातळ रेनकोट आणि एक जादा टी-शर्ट पुरतो. पायात पट्ट्याची सँडल किंवा बूट. एक साधी कापडी पिशवी, तीत ओले कपडे टाकायला प्लास्टिकची दुसरी.

पार्कमधला दिवस

गेट उघडताना हजर राहा. आत शिरल्या शिरल्या सगळे फोटो काढत रेंगाळतात. तुम्ही थेट सगळ्यात लांब रांग लागणाऱ्या राईडकडे चाला. पहिल्या दीड तासात मोठ्या राईड्स उरकल्या की रांग टाळण्यासाठीचा महाग एक्सप्रेस पास घ्यायची गरज पडत नाही. गर्दी नसलेल्या दिवशी तो पास म्हणजे वाया गेलेले पैसेच. दुपारच्या उन्हात बंदिस्त जागेतल्या राईड्स घ्या, ‘आय फॉर इंडिया’सारख्या, बसल्या जागी देशावरून उडाल्याचा अनुभव येतो आणि पायांनाही विसावा मिळतो. पाण्याच्या राईड्स तीनच्या सुमारास, म्हणजे कपडे वाळायला वेळ मिळतो. जेवल्यावर लगेच गरगर फिरणाऱ्या राईडवर मुलांना बसवू नका.

लहान मूल असेल तर आई-बाबांनी पाळीपाळीने बसा. एकजण मुलाजवळ, दुसरा राईडवर. मुलाच्या खिशात तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि हरवल्यावर भेटायची एक जागा सकाळीच दाखवून ठेवा.

परतताना

लॉकरची अनामत परत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, गडबडीत हे हमखास राहतं. संध्याकाळी पार्कमधून निघालेला माणूस पुण्याच्या बायपासवर ऐन गर्दीत सापडतो. त्यापेक्षा गाडीपाशी उरलेले धपाटे खाऊन, चहा घेऊन अर्ध्या तासाने निघा. दिवसभर उन्हात फिरलेल्या माणसाने सलग गाडी चालवू नये. दोघांना गाडी येत असेल तर खेड शिवापूरला बदल करा, खंबाटकीचा घाट ताज्या माणसाने चढावा. सांगलीकरांनी त्या रात्री घर गाठायचा हट्ट धरू नये. पाहुण्यांकडे किंवा पुण्यात झोपून सकाळी निघावं. सातारकर मध्यरात्रीच्या सुमाराला घरी पोहोचतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीची रजा आधीच टाकून ठेवा.